किडक्या दाढेचा इतिहास : नांदेड आणि लातूर

दात किडण्याचा रोग शेतीहूनही जुना आहे. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत तो कमी आढळतो. धान्य पिकवून, दळून, शिजवून खाणाऱ्या समाजांत तो वाढतो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या सांगाड्यांत किडलेले दात मिळाले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनी शेतकऱ्यालाही दाढेचा ठणका ठाऊक होता. गोदावरी, मांजरा आणि मन्याड या नद्यांच्या खोऱ्यांतील आजचे नांदेड आणि लातूर जिल्हे याच दख्खनी शेतीप्रदेशात मोडतात. या भागात किडलेली दाढ कशी ओळखली गेली, तिच्यावर काय उपाय झाले आणि ती किडू नये म्हणून लोकांनी काय केले, याचा इतिहास घरातील चूल, गावचा वैदू, निजामाचे राज्य, साखर आणि पाणी यांच्याशी जोडलेला आहे.

रोगाची प्रक्रिया साधी आहे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जीवाणू राहतात. खाण्यातली साखर आणि पिठूळ पदार्थ आंबवून ते आम्ल तयार करतात. तोंडातील सामू साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि काही खनिजे परतही करते. पण दिवसभर थोडे-थोडे गोड खाणे चालू राहिले, तर लाळेला ही भरपाई करायला वेळ मिळत नाही. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० साली ही उपपत्ती मांडली. त्यापूर्वी जगात अनेक ठिकाणी दातात किडा शिरतो असे मानले जात होते. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ साली ही समजूत नाकारली, तरी ती लगेच मागे पडली नाही. नांदेड-लातूर ज्यात येतात त्या मराठवाड्यातही ती विसाव्या शतकापर्यंत टिकली.

ग्रंथांतील क्रिमिदंत

सुश्रुतसंहितेत दातांचे आठ रोग सांगितले आहेत. त्यांतील क्रिमिदंताचे वर्णन आजच्या निदानाच्या बरेच जवळ जाते: दाताला काळे छिद्र पडते, दात हलतो, स्राव होतो, सूज येते आणि कारण नसताना तीव्र वेदना उठते. उपचार दाताच्या अवस्थेनुसार ठरवायचा असतो. दात घट्ट असेल तर शेक द्यावा आणि रक्तमोक्षण करावे. हलत असेल तर तो उपटून जागा डागावी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोकळ दाताचे छिद्र गुळाने किंवा मेणाने भरून तप्त सळईने डागण्याचा विधी येतो. पोकळी बंद करावी आणि आतील वेदना मारावी, हे तत्त्व त्यात दिसते.

हे ज्ञान मराठवाड्यापासून दूर नव्हते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. वाग्भटाचा ग्रंथ या भूमीत अभ्यासला जात होता, याचा हा स्पष्ट पुरावा आहे. मात्र ग्रंथ वाचणारे वैद्य थोडे आणि दाढ दुखणारी माणसे असंख्य. त्यामुळे खेड्यांत ग्रंथांतून विधी पोहोचले नाहीत. काही नियम आणि एक मोठी भीती तेवढी पोहोचली.

ही भीती दात काढण्याची होती. वरचा घट्ट दात उपटला तर अतिरक्तस्राव होऊन आंधळेपणा किंवा चेहऱ्याचा पक्षाघात होतो, असा इशारा सुश्रुतसंहितेत आहे. ‘वरची दाढ काढली की डोळा जातो’ ही समजूत खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. भूल आणि निर्जंतुक अवजारे नसलेल्या काळात दात काढणे खरोखर धोक्याचे होते, त्यामुळे इशाऱ्याला आधार होता. परिस्थिती बदलल्यावरही भीती उरली आणि सडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवणाऱ्यांची संख्या तिने वाढवली. प्रत्यक्षात डोळ्याच्या आणि दाढेच्या नसा वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही.

काडी, राखुंडी आणि मिश्री

प्रतिबंधाच्या बाबतीत मात्र जुनी रीत समृद्ध होती. सुश्रुताने दंतकाष्ठासाठी कडू रसात निंब, तुरट रसात खैर, गोड रसात मोह आणि तिखट रसात करंज श्रेष्ठ मानला. काडी बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड असावी, असा नियम होता. धर्मशास्त्राने या रोजच्या कृतीला व्रतवैकल्यांचे नियमही जोडले. काही तिथींना काडी वर्ज्य असे; त्या दिवशी पाण्याच्या बारा चुळा भरायच्या.

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याने यांतून हाताशी असलेले निवडले. शेतात जाता-जाता कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी तोडायची, टोक चावून कुंचला करायचा आणि दात घासायचे. चावण्याने लाळ सुटते आणि तंतूंनी थर निघतो. काडीचा खरा उपयोग या दोन गोष्टींत आहे. घरी राहणाऱ्यांसाठी चुलीतला कोळसा, गोवऱ्यांची राखुंडी आणि मीठ असे. राखेने दात पांढरे दिसत, पण खरबरीत कणांनी आवरण झिजे. दगडी जात्यावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात मिसळणारी दगडाची कच हेच काम आणखी जोरात करी. दाढांच्या खाचा झिजून सपाट झाल्या की त्यांत अन्न कमी अडकते. त्यामुळे झीज आणि कीड एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालत. जाते जाऊन पिठाची गिरणी आली, पीठ मऊ झाले आणि हा नकळत मिळणारा बचाव संपला.

स्त्रियांची रीत वेगळी होती. हिरडा, मायफळ, हिराकस अशा तुरट आणि लोहयुक्त द्रव्यांचे काळे दातवण हिरड्यांना लावले जाई. मुस्लिम घरांतून हेच काम मिस्सी करी. काळसर हिरड्या आणि दातांमधल्या काळ्या रेषा सौभाग्याचे व सौंदर्याचे लक्षण मानल्या जात. तुरट द्रव्यांनी हिरड्या आवळतात, एवढा गुण त्यांत होता. पुढे याच जागी तंबाखू आली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि तर्जनीने दातांवर फिरवायची, ही मिश्री लावण्याची सवय ग्रामीण स्त्रियांत खोल रुजली. तंबाखूने ठणका काही काळ बधिर होतो. त्यामुळे दाढ दुखते म्हणून मिश्री सुरू झाली आणि निकोटीनमुळे दिवसातून चार वेळा लावावी लागली, असा क्रम घरोघरी दिसे. मिश्रीने कीड थांबत नाही. हिरड्या खाली सरकतात, दाताची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ही बंदी कारखान्यातल्या डब्यांना लागू होती. घरच्या तव्यावरची मिश्री तिच्या कक्षेबाहेर राहिली.

विड्याचे स्थानही लक्षात घ्यावे लागते. नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या रेणुकादेवीचा प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. जेवणानंतर पान, चुना, कात, सुपारी आणि लवंग यांचा विडा मुखशुद्धीसाठी खाल्ला जाई. लाळ सुटणे आणि चुन्याने तोंडातील आम्ल कमी होणे हे त्याचे फायदे सांगता येतात. त्याच विड्यात तंबाखू शिरली आणि सुपारीचे पुढे गुटख्यात रूपांतर झाले, तेव्हा फायद्यापेक्षा हानी कितीतरी मोठी झाली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली.

वैदू, न्हावी आणि हकीम

दाढ ठणकू लागली की पहिला उपाय घरातला असे: लवंग दाबून धरणे, हिंगाची गोळी खोबणीत भरणे, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तुरटी, अक्कलकाढा. यांतील लवंगेचा गुण आधुनिक शास्त्रानेही मान्य केला. तिच्या तेलातील युजेनॉल वेदना बधिर करते आणि झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून आजही तात्पुरते भरण म्हणून वापरले जाते.

घरगुती उपाय हरले की वैदू येई. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर नळीने तोंडात घेण्याचा उपाय प्रसिद्ध होता. धुरी संपल्यावर भांड्यातल्या पाण्यात बारीक पांढरे कण दिसत आणि ‘किडे पडले’ असे सांगितले जाई. ते कण बहुधा तापून फुटलेल्या बियांतले असत. पण डोळ्यांनी पाहिलेल्या ‘पुराव्यामुळे’ दातातल्या किड्याची समजूत पक्की झाली. गालफाड सुजले तर तुंबडी किंवा जळवा लावत. हलणारी दाढ काढण्याचे काम न्हावी किंवा जत्रेतला मंजनविक्या करी. निजामी राज्यात युनानी हकिमांचाही आधार होता. दातांसाठीची त्यांची चूर्णे आणि काढे शहरी मोहल्ल्यांतून वापरले जात.

या सर्वांत एक गोष्ट समान होती. रोगाची ओळख वेदनेने होई. वेदना थांबली की रोग गेला असे मानले जाई. दाताची नस मेल्यावर ठणका आपोआप थांबतो; त्याच वेळी मुळाशी पू साचू लागतो. त्यामुळे ज्या दिवशी उपाय लागू पडला असे वाटे, त्याच दिवशी दात वाचण्याची शेवटची संधी हुकलेली असे.

रेल्वे, साखर आणि चहा

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुका होता, तर उदगीर, निलंगा आणि अहमदपूर बीदर जिल्ह्यात मोडत. आधुनिक वैद्यक हैदराबाद शहरात एकवटले होते. दंतोपचाराची सोय या जिल्ह्यांपर्यंत आली नाही. बाजारपेठ मात्र आली. १९००च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे नांदेडवरून मनमाडपर्यंत धावू लागली. बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोहोचली. लातूरची अडत बाजारपेठ वाढली आणि तिच्याबरोबर पांढरी साखर, चहापत्ती, बिस्किटे, सिगारेट व मुंबईची दंतमंजने येऊ लागली.

गूळ या भागाला नवा नव्हता. तो सणावारी आणि जेवणाबरोबर खाल्ला जाई. साखरेच्या चहाने खाण्याची वेळच मोडली. सकाळी, दुपारी, पाहुणा आला की, बाजारात गेले की चहा घेतला जाऊ लागला. स्वीडनमधील विपेहोल्म येथील अभ्यासाचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. एकूण साखरेइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली जाते याला आहे, असे त्यात दिसले. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेतील माणसांना मुद्दाम चिकट गोड देऊन केलेल्या या प्रयोगावर पुढे नैतिक टीका झाली, पण निष्कर्ष टिकला. मराठवाड्यात बदलली ती हीच गोष्ट. पुढे मांजरा आणि गोदावरी खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस हे लातूर-नांदेडचे एक प्रमुख नगदी पीक झाले. गोळ्या, बिस्किटे, शीतपेये खेड्यातल्या किराणा दुकानात बारमाही झाली.

मंजनांचा बाजारही याच काळात वाढला. नोगी कंपनीची माकडछाप काळी पावडर घरोघरी माहीत होती. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विको कंपनी सुरू केली. वज्रदंती हे तिचे पहिल्या काळातले मंजन. कोलगेट-पामोलिव्ह भारतात १९३७ साली आली होती. बोटाने मंजन लावण्यापासून ब्रशने पेस्ट लावण्यापर्यंतचा प्रवास मात्र खेड्यांत पुढच्या कित्येक दशकांत झाला, आणि आजही तो सर्व घरांत पुरा झालेला नाही.

पदवीधर दंतवैद्य

दंतवैद्यकाला कायद्याची चौकट १९४८च्या दंतवैद्य अधिनियमाने मिळाली. त्यात नोंदणीचे दोन भाग होते: पदवीधरांसाठी ‘अ’ आणि पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणाऱ्यांसाठी ‘ब’. पिढीजात दात काढणाऱ्या काही जणांना यातून मान्यता मिळाली. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून होते. हैदराबादचे शासकीय दंत महाविद्यालय १९५९ साली आणि नागपूरचे १९६८ साली सुरू झाले. मराठवाड्याचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला १९५६ साली निघाले. शासकीय दंत महाविद्यालयाला मात्र १९८२ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९८२ रोजी, लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

लातूरला महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ डेंटल सायन्सेस अँड रिसर्च हे महाविद्यालय १९९१ साली सुरू झाले. नांदेडजवळ विष्णुपुरी परिसरात नांदेड ग्रामीण दंत महाविद्यालय उभे राहिले. महाविद्यालयातील ओपीडीमुळे सामान्य माणसाला कमी खर्चात दात भरून घेता येऊ लागला आणि तालुक्याच्या गावी दवाखाना थाटणारे तरुण दंतवैद्य येथेच तयार होऊ लागले. बारावी-विज्ञानाच्या परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’मुळे या भागातील मुले मोठ्या संख्येने वैद्यकीय शाखांकडे वळली. त्यांतील अनेकांनी दंतवैद्यकाची बीडीएस पदवी घेतली.

उपचारही बदलले. पूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात दाढ काढणे हाच मुख्य उपचार होता. नंतर चांदी भरणे रूढ झाले. पाऱ्याच्या या मिश्रणाचा वापर कमी करण्याचे २०१३च्या मिनामाता करारात ठरले आणि दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट व ग्लास आयनोमर सिमेंट पुढे आले. ग्लास आयनोमर १९७०च्या दशकात विकसित झाले. ते दातांना चिकटते आणि थोडे फ्लोराइडही सोडते. कीड नसेपर्यंत पोहोचली तर रूट कॅनाल करून वर कॅप बसवतात. मात्र या उपचाराला अनेक फेऱ्या आणि पैसा लागतो. त्यामुळे मजुरी बुडवून येणारा रुग्ण अजूनही ‘काढूनच टाका’ म्हणतो.

पाण्याने रंगलेले दात

या दोन जिल्ह्यांत किडीच्या निदानाला एक खास अडचण आहे, आणि ती जमिनीतून येते. लातूर जिल्हा जवळजवळ पूर्ण काळ्या बेसॉल्टवर वसला आहे. नांदेडच्या पूर्वेकडे, किनवट, देगलूर, बिलोली या बाजूला, तेलंगणाला लागून जुना ग्रॅनाइट खडक वर येतो. अशा खडकातील भूजलात फ्लोराइड जास्त विरघळते. जुन्या हैदराबाद संस्थानातल्याच नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोरोसिसचे वर्णन १९५५ साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते.

पूर्वी गावे आड, बारव आणि नदीच्या पाण्यावर जगत. ते पाणी उथळ होते; त्यातून नारू आणि पटकी होई. १९७२च्या दुष्काळानंतर बोअर घेण्याचा आणि हातपंप बसवण्याचा वेग वाढला. नारू हटला, भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. पण ग्रॅनाइटच्या पट्ट्यात खोल बोअरच्या पाण्याबरोबर फ्लोराइड वर आले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेले, तर घडत असलेल्या दातांचे आवरण बिघडते. त्यावर उपाय म्हणून नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत १९७०च्या दशकात विकसित केली.

फ्लोरोसिस आणि कीड यांतला फरक घरातही ओळखता येतो. फ्लोरोसिसचे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. दात उगवतानाच ते असतात आणि पृष्ठभाग सहसा कठीण लागतो. कीड एखाद्या दाताच्या खाचेत, दोन दातांच्या फटीत किंवा हिरडीलगत सुरू होते, वाढत जाते आणि आतून मऊ लागते. एकाच तोंडात दोन्ही असू शकतात. प्रमाणशीर फ्लोराइड दाताला बळकटी देते, म्हणून रंगीत दाताला कीड लागतच नाही असे मात्र नाही. बिघडलेले आवरण तुटले की तिथेही कीड शिरते.

आजची ओळख आणि प्रतिबंध

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १२ वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि ३५ ते ४४ वयोगटातील ८०.२ टक्के लोकांचे दात किडलेले आढळले. म्हणजे हा दुर्मीळ रोग नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळेतील मुलांच्या तपासणीत किडलेले दात शोधण्याचा समावेश आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमले.

किडीची पहिली खूण ठणका नव्हे. हिरडीलगत किंवा खाचेत खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसतो. या अवस्थेत फ्लोराइडची पेस्ट, वार्निश आणि गोड कमी करणे एवढ्यावर दात परत सुधारू शकतो. मग डाग तपकिरी-काळा होतो, खड्डा पडतो, अन्न अडकते, गार-गोड लागले की सणक येते. इथपर्यंत भरण पुरते. रात्री आपोआप ठणका लागला म्हणजे कीड नसेपर्यंत गेली. गाल सुजून ताप आला तर पू झाला, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. सुजेवर गरम शेक घेणे किंवा दुखऱ्या दाढेपाशी वेदनाशामक गोळी दाबून ठेवणे या दोन्ही प्रथा घातक आहेत. गोळीने हिरडी भाजते.

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. फ्लोराइडच्या पेस्टने दिवसातून दोनदा, त्यातले एकदा झोपण्यापूर्वी, दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे मुलांच्या पेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. गोड खायचे ते जेवणाबरोबर खावे. तान्ह्या बाळाच्या बाटलीत साखर घालू नये. सहाव्या वर्षी मागे उगवणारी पहिली कायमची दाढ दुधाची समजून दुर्लक्षिली जाते. कायमच्या दातांत सर्वांत आधी किडते ती बहुधा हीच. तिच्या खाचा सीलंटने बंद करून घेता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त पेस्ट, ग्लास आयनोमर सिमेंट आणि कीड जागीच थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. यांतील बहुतेक उपचार यंत्राशिवाय शाळेच्या वर्गातही करता येतात.

नांदेड-लातूरमध्ये उपचार तीन पिढ्यांत निखाऱ्यावरच्या धुरीपासून रूट कॅनालपर्यंत आले. ओळखीची रीत मात्र जुनीच राहिली आहे: दुखेपर्यंत दाखवायचे नाही. वर्षातून एकदा, दाढ दुखत नसताना, मुलाला घेऊन दंतवैद्याकडे जाणे हाच या भागातील घरांसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे.